हमी कशाची, आणि किती?

आमच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागात गेली वीस-बावीस वर्षे काम करणारे एक प्रयोगशाळा परिचर आहेत. सारे त्यांना 'भाऊ' म्हणतात. त्यांचे गाव अकोला शहरापासून ११ किलोमीटरांवर आहे. एस.टी.च्या वेळा महाविद्यालयाच्या वेळांशी जुळत नाहीत आणि पेट्रोलचा रोजचा खर्च झेपत नाही, म्हणून २०२२ च्या जून महिन्यात, नवे सत्र सुरू होताना, त्यांनी विजेवर चालणारी सायकल घेतली. किंमत ३२ हजार रुपये. त्यांतील बहुतेक रक्कम पतसंस्थेकडून कर्जाऊ घेतलेली आणि दोन वर्षांत दरमहा हप्त्याने फेडावयाची. एका चार्जमध्ये ३५ किलोमीटर, असे जाहिरातीत म्हटले होते. भाऊंना जाऊन-येऊन २२ पुरेसे होते. हिशेब चोख होता.

दहा महिने तो चोखच राहिला. २०२३ च्या एप्रिलमध्ये मात्र परतीच्या वाटेवर, गाव तीन-चार किलोमीटर उरले असता, सायकल मान टाकू लागली. मे महिन्यात तर सकाळी शहर गाठता गाठता बॅटरी संपू लागली. वऱ्हाडातल्या मे महिन्याच्या उन्हात, मोटर आणि बॅटरीचे ओझे असलेली ती जड सायकल पायांनी रेटीत एक पन्नाशीचा माणूस घरी जात होता. "काय झाले?" म्हणून विचारले, तेव्हा भाऊ म्हणाले, "सर, चालते तर आहे; पण पोचवत नाही."

बॅटरीवर दोन वर्षांची हमी होती आणि अद्याप वर्षही पुरे झाले नव्हते. तेव्हा भाऊ निर्धास्तपणे विक्रेत्याकडे गेले. विक्रेत्याने बॅटरी चार्जरला लावली, दिवा लागला. "चार्ज होते ना? मग खराब कशी?" असे त्याचे म्हणणे. फार आग्रह झाल्यावर त्याने ती कंपनीकडे पाठविण्याचे मान्य केले. परंतु लिथियमची बॅटरी धोकादायक माल म्हणून गणली जात असल्याने साधा कुरियरवाला ती घेईना. मग ट्रान्सपोर्टने, भाड्याचे पैसे भाऊंकडूनच घेऊन, ती रवाना झाली. सहा आठवड्यांनी ती परत आली. सोबत एक चिठ्ठी होती : 'तपासणी केली. व्होल्टेज योग्य. दोष आढळला नाही.'

या एका चिठ्ठीवर लेख लिहिण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण असे की, ती चिठ्ठी खोटी नव्हती. बॅटरीचे व्होल्टेज खरोखरच योग्य होते. चिठ्ठी खरी आणि भाऊंची तक्रारही खरी, अशी परिस्थिती ज्या हमीपत्रामुळे निर्माण होते, त्या हमीपत्राचा विचार सर्व ग्राहकांनी करावयास हवा. विजेच्या सायकली आणि स्कूटर आता जिल्ह्याच्याच नव्हे, तर तालुक्याच्या बाजारपेठेतही मिळतात. त्या घेणाऱ्यांत शिक्षक, कारकून, विद्यार्थी यांचाच भरणा मोठा आहे. आणि या वाहनाच्या किमतीत सर्वांत मोठा वाटा ज्या वस्तूचा, तिच्याविषयीच ग्राहक सर्वांत अधिक अंधारात असतो.

रांजणातला गाळ

बॅटरी 'खराब' होते म्हणजे काय होते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली १९९१ साली. तिच्या जडणघडणीबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सायकलीवर दिसणारी ती लांबट पेटी म्हणजे एक बॅटरी नसून अनेक लहान सेलांची मोट असते. भाऊंच्या सायकलीत १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे असे ३० सेल होते. तीन-तीन सेल समांतर जोडून दहा गट केलेले आणि हे दहा गट एकसर जोडलेले. अशा रीतीने ३६ व्होल्ट आणि ७.८ अँपिअर-तास, म्हणजे सुमारे २८० वॅट-तास एवढी शक्ती त्या पेटीत साठते.

प्रत्येक चार्जबरोबर सेलाची साठवणक्षमता किंचित घटते. सामान्य प्रतीच्या सेलाची क्षमता तीनशे ते पाचशे पूर्ण चार्जनंतर मूळच्या ८० टक्क्यांवर येते, असे सर्वसाधारणपणे धरले जाते. लोह-फॉस्फेट जातीचे सेल याहून बरेच अधिक टिकतात. परंतु हे आकडे प्रयोगशाळेतल्या सुमारे २५ अंश तापमानाचे असतात. सेलामधील नको त्या रासायनिक क्रिया उष्णतेने झपाट्याने वाढतात, आणि पूर्ण भरलेली बॅटरी तापल्या जागी ठेवली, तर ती न वापरताही झिजते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे जातो, अशा अकोल्यात महाविद्यालयाच्या पत्र्याच्या छपराखाली दिवसभर उभी असलेली सायकल कोणत्या परीक्षेतून जात असेल, याची कल्पना करता येईल.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. एकसर जोडलेल्या दहा गटांपैकी एकच गट कच्चा निघाला, तर बाकीचे नऊ धडधाकट असूनही बॅटरी त्या एकाच्या बळावर चालते. आतील नियंत्रक मंडल प्रत्येक गटावर लक्ष ठेवते आणि कच्चा गट रिता होताच साऱ्या बॅटरीचा प्रवाह तोडते. बैलगाडीचा वेग अशक्त बैल ठरवितो, तसेच हे आहे. असा कच्चा सेल बहुधा कारखान्यातूनच येतो. ग्राहकाच्या हातून तो घडलेला नसतो.

आता त्या चिठ्ठीकडे वळू. पाण्याने काठोकाठ भरलेला रांजण पाहून त्यात पाणी किती, हे सांगता येत नाही. तळाशी गाळ साचला असेल, तर भरलेल्या रांजणातही चार घागरीच पाणी निघेल. व्होल्टेज म्हणजे पाण्याची पातळी. क्षमता म्हणजे रांजणात मावणारे पाणी. कंपनीने पातळी पाहिली आणि रांजण भरला आहे, असे लिहून दिले. त्यातून पाणी किती निघते, हे मोजलेच नाही.

ते आम्ही मोजले. म्हणजे भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांनी मोजले आणि उपकरणे मांडली ती भाऊंनीच. विद्यार्थ्यांपुढे अँमीटर आणि रिओस्टॅट मांडण्यात ज्याची हयात गेली, त्या माणसाने या वेळी स्वतःच्या बॅटरीसाठी ती मांडली. बॅटरीचे सील न तोडता, पूर्ण चार्ज करून, तिच्यातून दोन अँपिअरचा स्थिर प्रवाह घेतला. ७.८ अँपिअर-तासांची बॅटरी या गतीने सुमारे पावणेचार ते चार तास पुरावयास हवी. ती १ तास ५० मिनिटांत बंद पडली. म्हणजे क्षमता उरली होती ४७ टक्के. हा कागद कंपनीकडे पाठविला. उत्तर आले : 'बाहेरील चाचणी ग्राह्य धरली जात नाही. क्षमता कमी होणे हा वापराचा स्वाभाविक परिणाम असून तो हमीत अंतर्भूत नाही.'

तांदळातले खडे

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना जॉर्ज अकरलॉफ यांचा १९७० चा निबंध परिचित असेल. जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन त्यांनी असे दाखविले की, मालाचा खरा दर्जा विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल, तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. घेणारा सरासरी दर्जा गृहीत धरूनच किंमत देतो. त्या किमतीत चांगला माल विकणे परवडत नाही. चांगला विक्रेता निघून जातो आणि सरासरी आणखी खाली येते. २००१ साली स्पेन्स आणि स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा निबंध प्रसिद्ध होण्यापूर्वी अकरलॉफ भारतात राहून गेले होते, आणि आपल्याकडील गृहिणींना बाजारातल्या तांदळातून खडे निवडीत बसावे लागते, याचा उल्लेखही त्यात आला आहे.

तांदळातले खडे निदान निवडता येतात. सूप आणि दोन डोळे असले म्हणजे झाले. बॅटरीतल्या तीस सेलांपैकी कोणता कच्चा आहे, हे कोणत्या सुपात पाखडावे? पेटी मोहोरबंद असते आणि ती उघडली की हमी संपते. दुकानात दोन सायकली शेजारी उभ्या असतात. एकीत उत्तम सेल, दुसरीत स्वस्तातले. दोन्ही पेट्या दिसावयास सारख्या, दोन्हींवर ३६ व्होल्ट लिहिलेले आणि पहिले तीन महिने दोन्ही सारख्याच पळतात. फरक कळतो तो दुसऱ्या उन्हाळ्यात. तोवर पैसे दिलेले असतात.

अशा बाजारात ग्राहकाला दर्जा कळावा कसा? अकरलॉफ यांनीच एक उपाय सांगितला आहे. तो म्हणजे हमी. ज्याला आपल्या मालाचा भरवसा आहे, तोच लांब मुदतीची हमी देऊ शकेल. कच्चा माल विकणाऱ्याला ती परवडणार नाही. म्हणून हमी ही दर्जाची खूण ठरते. तर्क बिनतोड आहे. पण त्यात एक गृहीत दडलेले आहे. हमी पाळली जाईल, हे ते गृहीत होय. कागदावर दोन वर्षे लिहावयाची आणि आतल्या अटींनी ती रिकामी करावयाची, हे ज्याला साधते, त्याला कच्च्या मालावरही लांब हमी फुकटात देता येते. मग हमी ही दर्जाची खूण राहत नाही. प्रामाणिक कारखानदाराची दोन वर्षे आणि लबाडाची दोन वर्षे ग्राहकाला सारखीच दिसतात. यात भाऊंसारख्यांचे नुकसान आहेच. पण उत्तम सेल घालणाऱ्या कारखानदाराचेही आहे.

हमीपत्रे वाचून पाहावीत. बॅटरी 'निकामी' झाल्यास बदलून मिळेल, असे असते. निकामी म्हणजे काय, हे नसते. 'नैसर्गिक झीज' वगळलेली असते. झीज किती टक्क्यांपर्यंत नैसर्गिक, हे नसते. 'अयोग्य वापर', 'ओलावा', 'अतिउष्ण जागी ठेवणे' ही कारणे हमी रद्द करतात. अकोल्यात, जळगावात, चंद्रपुरात विकावयाच्या वस्तूला उष्णतेची अट घालणे म्हणजे पावसात उघडू नये, अशा बोलीवर छत्री विकणे होय. बदलून दिलेली बॅटरी नवीच असेल असे नाही, दुरुस्त केलेलीही असू शकेल, अशीही तरतूद अनेक पत्रकांत आढळते. आपल्या घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीला हमीचे कार्ड असते. त्यावर निदान इतके महिने फुकट बदल आणि पुढचे इतके महिने वापराच्या प्रमाणात सूट, असा सरळ आकडा असतो. त्या जुन्या शिशाच्या बॅटरीच्या कार्डात असलेला साधेपणा नव्या युगाच्या या पत्रकात का नसावा?

पैशाचा हिशेब

विजेचे वाहन स्वस्त पडते, असे म्हटले जाते. ते खरे आहे काय? भाऊंचाच हिशेब मांडू. बॅटरी भरावयास फार तर एक तृतीयांश युनिट वीज लागते. युनिटला ८ रुपये धरले, तर एका चार्जचा खर्च पावणेतीन रुपयांच्या आत, म्हणजे २२ किलोमीटरांना किलोमीटरमागे १२ पैसे. हा आकडा मोहक आहे आणि जाहिरातीत तेवढाच असतो. त्यात बॅटरीची झीज धरलेली नाही. नव्या बॅटरीची किंमत १४ हजार रुपये. ती पाचशे चार्ज टिकली, तर ११ हजार किलोमीटर चालेल आणि झिजेचा खर्च किलोमीटरमागे १ रुपया २७ पैसे येईल. वीज धरून १ रुपया ३९ पैसे. पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि मोपेड लिटरला ५० किलोमीटर धरल्यास पेट्रोलचा खर्च येतो २ रुपये १० पैसे. म्हणजे पाचशे चार्ज टिकणारी बॅटरी खरोखरच स्वस्त आहे.

भाऊंची बॅटरी जेमतेम २२० दिवस त्यांच्या कामाची राहिली, म्हणजे ४,८४० किलोमीटर. झिजेचा खर्च किलोमीटरमागे २ रुपये ८९ पैसे, विजेसह ३ रुपये १ पैसा. पेट्रोलपेक्षा सुमारे ९० पैसे अधिक. हे वाहन स्वस्त की महाग, याचा निर्णय विजेच्या दरावर नाही, पेट्रोलच्या दरावरही नाही. तो बॅटरीच्या आयुष्यावर आहे. आणि नेमक्या त्याच आकड्याची हमी कोणी देत नाही.

यात सरकारच्या करधोरणाचीही एक गंमत आहे. विजेच्या वाहनांवरील वस्तू व सेवा कर २०१९ च्या ऑगस्टपासून ५ टक्के आहे आणि विजेच्या सायकलीही त्यात येतात. परंतु लिथियमची बॅटरी सुटी घेतली, तर १८ टक्के. सायकलीत बसून आलेली बॅटरी उत्तेजनास पात्र आणि तीच सायकल चालू ठेवण्यासाठी घेतलेली बॅटरी मात्र नाही, हा भेद समजावयास कठीण आहे. नवे वाहन विकत घेणाऱ्याला सवलत, असलेले टिकविणाऱ्याला भुर्दंड, असा त्याचा परिणाम होतो.

आणखी एक विसंगती आहे. केंद्राच्या 'फेम'च्या दुसऱ्या टप्प्यात अनुदान मिळविणाऱ्या वाहनांना बॅटरीसह किमान तीन वर्षांची हमी सक्तीची होती. २०२२ साली स्कूटरना आगी लागल्यानंतर त्या वर्गाच्या बॅटऱ्यांच्या सुरक्षा-चाचण्याही कडक झाल्या. परंतु २५० वॅटपर्यंतची मोटर असलेली आणि ताशी २५ किलोमीटरांपर्यंतच साथ देणारी सायकल कायद्याने मोटारवाहनच नव्हे. तिला परवाना नको, नोंदणी नको. ही मोकळीक गरिबाच्या सोयीचीच आहे. पण त्या मोकळिकीबरोबर संरक्षणही गळून पडले. सर्वांत कमी उत्पन्नाच्या ग्राहकाने घ्यावयाच्या वाहनाला सर्वांत कमी हमी, असा हा न्याय झाला.

कायद्याचे दार

मग कायदा काय म्हणतो? आपल्याकडे ग्राहक चळवळीची परंपरा जुनी आहे. ग्राहक पंचायतीचे काम बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात सुरू केले, तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा कायदाही नव्हता. तो १९८६ साली आला. त्याची जागा घेणारा २०१९ चा अधिनियम २० जुलै २०२० पासून अमलात आला. हा कायदा चांगला आहे, हे प्रथम स्पष्ट म्हटले पाहिजे. 'दोष' या शब्दाची त्यातील व्याख्या विस्तृत आहे. व्यापाऱ्याने कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्याच्या मानाने दर्जात, परिमाणात वा शक्तीत आढळणारी उणीव, असा तिचा आशय आहे. जाहिरातीत ३५ किलोमीटर म्हटले आणि बॅटरी १२ चालली, तर 'दोष' सिद्ध करावयास हमीपत्रातल्या 'निकामी' या शब्दाची वाट पाहावी लागू नये. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. वकील लावण्याची सक्ती नाही. मुदत दोन वर्षांची. आयोग दोष दूर करावयास, वस्तू बदलून द्यावयास, पैसे परत करावयास आणि भरपाई देण्यास सांगू शकतो.

एवढे सारे असून भाऊ आयोगाकडे गेले नाहीत. का गेले नाहीत, यातच या प्रश्नाची मेख आहे. दोष परीक्षणाशिवाय कळण्याजोगा नसेल, तर आयोग वस्तूचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवितो, असे कलम ३८ सांगते. परीक्षणाचे शुल्क मात्र आधी तक्रारदाराने भरावयाचे. आमच्या प्रयोगशाळेचा कागद तिथे पुरेसा ठरण्याचा भरवसा नव्हता. परीक्षण लागणारे प्रकरण पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायद्यात म्हटले आहे. पण तारखा कशा पडतात, हे सर्व जाणतात. तोवर रोजचे २२ किलोमीटर कोणी थांबवून ठेवीत नाही. आणि बॅटरी पुरावा म्हणून जमा झाली की, ती सायकल म्हणजे भिंतीला टेकविलेले लोखंड. श्रीमंत ग्राहक वाट पाहू शकतो. ज्याला उद्या सकाळी कामावर जावयाचे आहे, तो तडजोड करतो. म्हणूनच अशी प्रकरणे निकालापर्यंत पोचत नाहीत आणि कंपन्यांना निकालाचे भय वाटत नाही.

दुसरी बाजू

कारखानदाराची बाजू मुळीच नाही, असे नव्हे. ग्राहकही वस्तूशी नीट वागत नाहीत. कोणी दुसऱ्याच चार्जरने बॅटरी भरतो, कोणी सायकल पाण्याच्या फवाऱ्याखाली धुतो, कोणी सुट्टीवर जाताना बॅटरी पूर्ण रिकामी सोडून जातो आणि दोन महिन्यांनी ती सेलांतील व्होल्टेज मर्यादेखाली गेल्याने कायमची बसलेली आढळते. अशा प्रत्येकाला नवी बॅटरी फुकट मिळू लागली, तर जपून वापरण्याचे कारणच उरणार नाही, आणि निष्काळजी माणसाचा खर्च जपून वापरणाऱ्यांच्या माथी बसेल. हे अर्थशास्त्रालाही मान्य आहे.

तथापि, जपून वापरले की नाही, हे ठरवावयाचे साधन उपलब्ध आहे. अनेक बॅटऱ्यांतील नियंत्रक मंडल चार्ज किती वेळा झाले, तापमान किती चढले, कोणता गट किती व्होल्टवर आहे, याची नोंद ठेवू शकते. ही नोंद ठेवावयाची की नाही, हे कारखानदार ठरवितो. ठेवली, तर तीही त्याच्याच हाती असते. ज्याच्या हाती नोंदवही, त्याच्याकडे पुरावा मागावा, हा साधा न्याय होय. आपण मात्र ज्याच्या हाती काहीच नाही, त्याच्याकडे पुरावा मागतो.

युरोपीय संघाने हा प्रश्न कसा हाताळला, ते पाहण्याजोगे आहे. तेथे वस्तू हाती आल्यापासून वर्षाच्या आत दिसलेली उणीव ही मुळातलीच होती, असे कायदा गृहीत धरतो. तसे नाही, हे सिद्ध करण्याचे ओझे विक्रेत्यावर असते. २०२३ च्या बॅटरीविषयक नियमावलीत विजेच्या सायकलींच्या बॅटऱ्यांचा वेगळा वर्ग केला आहे. बॅटरीच्या प्रकृतीची नियंत्रकातील माहिती खरेदीदाराला पाहता आली पाहिजे, असा दंडक २०२४ च्या ऑगस्टपासून आहे. फेब्रुवारी २०२७ पासून अशी बॅटरी स्वतंत्र कारागिराला काढून बदलता आली पाहिजे, आणि त्या नमुन्याची विक्री थांबल्यावरही पाच वर्षे सुटी बॅटरी वाजवी किमतीत मिळाली पाहिजे, असे त्यात ठरविले आहे. आपल्याकडे २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी मेलेली बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. ते योग्यच झाले. परंतु अकाली मेलेल्या बॅटरीचे दायित्व कोणाचे, याबद्दल ते नियम बोलत नाहीत.

काय करता येईल

उपाय अवघड नाहीत. पहिला असा की, हमी महिन्यांबरोबर आकड्यांत लिहिली जावी : इतके महिने किंवा इतके चार्ज, यांपैकी जे आधी होईल तोवर मूळ क्षमतेच्या इतके टक्के शिल्लक राहतील, अन्यथा बॅटरी बदलून मिळेल. पेटीवर वॅट-तास, सेलाचा प्रकार आणि निर्मितीचा महिना ठळक छापला जावा. दुसरा असा की, पहिल्या वर्षात क्षमता त्या मर्यादेखाली गेली, तर दोष मूळचा मानला जावा. गैरवापर झाला असेल, तर तो कारखानदाराने नोंदीवरून दाखवावा. तिसरा असा की, प्रत्येक जिल्ह्यात निदान एका शासकीय तंत्रनिकेतनाला किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेला बॅटरीची क्षमता मोजून दाखला देण्याचा अधिकार मिळावा आणि तो दाखला आयोगाने ग्राह्य धरावा. आमच्या प्रयोगशाळेत जे दोन तासांत झाले, त्यासाठी सहा आठवड्यांचा प्रवास कशाला? चौथा असा की, सुट्या बॅटरीवरील कर वाहनावरील कराच्या पातळीवर आणला जावा. 'दुरुस्तीच्या हक्का'साठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली समिती नेमली होती; त्या विचारात बॅटरीला अग्रस्थान मिळणे उचित ठरेल.

हे होईल तेव्हा होईल. तोवर ग्राहकाने आपल्या हाती आहे तेवढे करावे. बिलावर बॅटरीचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. जाहिरातीचे पत्रक जपून ठेवावे. कायद्याच्या दृष्टीने तो दावा आहे. पहिल्या महिन्यात एका चार्जमध्ये सायकल किती चालते, ते वहीत टिपून ठेवावे आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा टिपावे. उन्हातून आल्याबरोबर बॅटरी चार्जला लावू नये, ती निवू द्यावी. सुट्टीवर जाताना ती निम्मी भरलेली ठेवावी, पूर्ण भरलेली नको आणि रिकामी तर नकोच. तक्रार तोंडी न करता लेखी करावी आणि पोच घ्यावी. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी.

भाऊंनी शेवटी तीच नोंद केली. पंधरा दिवसांनी कंपनीचा फोन आला. 'सौजन्य म्हणून' नवी बॅटरी ३० टक्के सवलतीत मिळेल, असे तिने कळविले. दोष मान्य नव्हता, सौजन्य होते. भाऊंनी आणखी ९,८०० रुपये उभे केले आणि बॅटरी घेतली. तिच्यावर हमी सहा महिन्यांची. त्या दिवशी पतसंस्थेचे दहा हप्ते बाकी होते, म्हणजे जी बॅटरी आता भंगारात गेली होती, तिचेच पैसे पुढले दहा महिने ते भरणार होते. मी म्हटले, "भाऊ, आयोगाकडे गेलो असतो, तर जिंकलो असतो." ते म्हणाले, "जिंकलो असतो सर. पण तोवर कामावर कसा आलो असतो?"

या प्रश्नाचे उत्तर अर्थशास्त्राच्या पुस्तकात मला सापडले नाही. ते हमीपत्राच्या मसुद्यात आणि कायद्याच्या कलमात शोधावे लागेल. वाहन चालते की नाही, एवढेच पाहणारी हमी ही हमी नव्हे. ते पोचविते की नाही, हे तिने पाहिले पाहिजे.